पुसता येणारे अक्षर : बायोस चिपचा इतिहास आणि दुरुस्तीचा हुन्नर



आपणांपैकी बहुतेकांच्या घरी आज मुलांच्या शिक्षणासाठी एखादा लॅपटॉप असतो. कित्येकदा तो काटकसर करून, हप्त्याने किंवा जुन्या बाजारातून घेतलेला असतो. असा लॅपटॉप एके दिवशी चालेनासा होतो. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. ‘बोर्ड गेला, नवा टाकावा लागेल,’ असे दुकानदार सांगतो. नव्या बोर्डाची किंमत ऐकून पालक लॅपटॉप कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवून देतात आणि मुलाचा अभ्यास अडतो.

अशा ‘गेलेल्या’ बोर्डांपैकी काहींमध्ये एकही भाग जळालेला नसतो, हे आपणांस ठाऊक आहे काय? बोर्ड शाबूत असतो, प्रोसेसर शाबूत असतो. फक्त करंगळीच्या नखाहून लहान अशा एका चिपमध्ये लिहून ठेवलेला मजकूर बिघडलेला असतो. या मजकुराला फर्मवेअर म्हणतात. आपल्याकडील कारागीर त्याला ‘बायोस’ म्हणतात. प्रोसेसर जागा होताच सर्वप्रथम हाच मजकूर वाचतो. मेमरी कोठे आहे, पडदा कसा चालू करायचा, डिस्क कशी शोधायची हे त्याला येथूनच कळते. मजकूर बिघडला की सारे यंत्र मुके होते, आणि तो पुन्हा नीट लिहिला की तेच यंत्र बोलू लागते.

हा मजकूर पुसून पुन्हा लिहिता येतो ही सोय माणसाला सहजासहजी मिळालेली नाही. ती कशी मिळाली, तिच्यातून कोणता धोका उद्भवला आणि तिने दुरुस्ती करणाऱ्याच्या खांद्यावर कोणती जबाबदारी टाकली, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

मागावरचे पुठ्ठे

मालेगाव-भिवंडीकडील वाचकांना ही गोष्ट मागाच्या उदाहरणाने चटकन समजेल. फ्रान्समधील लियाँ शहरच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास असा माग तयार केला की ज्याची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर ‘लिहिलेली’ असे. जेथे भोक तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, जेथे भोक नाही तेथे तो खालीच राही. माग तोच, विणकर तोच. पुठ्ठ्यांची माळ बदलली की कापडावरची नक्षी बदलली. यंत्र वेगळे आणि यंत्राला दिलेली आज्ञा वेगळी, ही मोठी कल्पना त्या मागावर सर्वांना डोळ्यांनी दिसू लागली.

पहिल्या विजेच्या संगणकांना ही सोय सुरुवातीला नव्हती. अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेल्या ‘एनियाक’ या प्रचंड यंत्राला नवे काम सांगायचे तर तारा उपसून दुसऱ्या जागी जोडाव्या लागत आणि शेकडो कळा फिरवाव्या लागत. पुढे आज्ञा मेमरीत साठवण्याची पद्धत आली. तरीही एक अडचण उरलीच. वीज गेली की मेमरी कोरी होते. मग वीज परत आल्यावर यंत्राने पहिली आज्ञा वाचायची तरी कोठून? त्यासाठी वीज नसतानाही टिकणारे अक्षर हवे होते.

एकदाच लिहिता येणारे अक्षर

पहिला उपाय असा की कारखान्यात चिप तयार होतानाच तिच्यात मजकूर कोरून टाकायचा. तो दगडी शिलालेखासारखा होता. एक चूक झाली तरी सारा माल वाया जात असे. दुसरा उपाय १९५६ साली निघाला. अमेरिकन हवाई दलाच्या अ‍ॅटलस क्षेपणास्त्रातील संगणकासाठी वेन त्सिंग चाऊ या अभियंत्याने अशी रचना केली की कोरी मेमरी बनवायची आणि नंतर ठरावीक जोडण्या विजेच्या जोरदार प्रवाहाने जाळून तीत मजकूर उतरवायचा. जळालेली जोडणी पुन्हा सांधता येत नसे. तेव्हापासून चिपमध्ये मजकूर भरण्याला ‘बर्न करणे’ म्हणजे जाळणे असे म्हणू लागले. आज काहीही जळत नाही, पण बाजारात तोच शब्द चालतो.

काचेच्या कोठडीतील वीज

खरा पालट घडला तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. १९५९ साली तेथे मोहम्मद अटाला आणि दावोन कांग या दोघा संशोधकांनी मॉस ट्रान्झिस्टर तयार केला. आज जगातील जवळजवळ प्रत्येक चिप याच जातीच्या ट्रान्झिस्टरांनी भरलेली असते. अटाला हे इजिप्तमधील पोर्ट सैद येथे १९२४ साली जन्मले, कैरो विद्यापीठात शिकले आणि पुढील शिक्षणासाठी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेले. कांग हे कोरियाचे. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा, म्हणजे काचेसारख्या पदार्थाचा, पातळ व शुद्ध थर वाढवला तर विजेला वाट मोकळी करणे आणि बंद करणे किती सुलभ होते, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे १९६७ साली याच कांग यांनी सायमन झी या चिनी वंशाच्या सहकाऱ्याबरोबर आणखी एक पाऊल टाकले. ट्रान्झिस्टरच्या आत चोहोबाजूंनी काचेसारख्या थराने बंद केलेली एक सूक्ष्म कोठडी ठेवायची आणि जोर लावून विजेचे कण तीत ढकलायचे. कण आत अडकले की वीज बंद केली तरी ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात. कोठडी भरलेली असली तर एक अर्थ, रिकामी असली तर दुसरा अर्थ. यालाच ‘फ्लोटिंग गेट’ म्हणतात. आपल्या लॅपटॉपच्या बायोस चिपमध्ये अशा कोट्यवधी कोठड्या असतात.

खिडकी असलेली चिप

ही कल्पना बाजारात आणली डॉव फ्रोमन यांनी. ते इंटेल कंपनीत असताना सदोष निघालेल्या मेमरी चिप का बिघडतात याची तपासणी करीत होते. आतील जोडणी तुटून सुटा पडलेला भाग वीज धरून ठेवतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्याने तो दोष म्हणून वहीत नोंदवला असता. फ्रोमन यांनी त्यातूनच नवी मेमरी घडवली. १९७१ साली आलेल्या इंटेल १७०२ या चिपमध्ये २,०४८ बिट, म्हणजे अवघी २५६ अक्षरे मावत. तिच्या माथ्यावर क्वार्ट्झची पारदर्शक खिडकी होती. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश काही मिनिटे पाडला की सगळा मजकूर पुसला जाई आणि चिप पुन्हा कोरी होई. लिहून झाल्यावर खिडकीवर कागदी पट्टी चिकटवीत, नाहीतर उन्हाने अक्षरे हळूहळू उडून जात.

त्यानंतर प्रकाशाची गरजही संपली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलमध्येच जॉर्ज पर्लेगोस यांनी विजेनेच पुसता येणारी २८१६ ही चिप तयार केली. मात्र अशी चिप महाग पडे. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी एकेक अक्षर पुसण्याचा हट्ट सोडला आणि मोठा भाग एका झटक्यात पुसण्याची स्वस्त रचना केली. ती त्यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकावा तसे पुसणे, म्हणून एका सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. या शोधावर पुढे अब्जावधींचा व्यापार उभा राहिला. परंतु त्याचा योग्य मोबदला मिळावा म्हणून मासुओका यांना आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले, आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.

फ्लॅशचा एक नियम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. कोऱ्या चिपमध्ये सर्व ‘एक’ असतात. लिहिताना ‘एक’चा ‘शून्य’ करता येतो, पण ‘शून्या’चा ‘एक’ करायचा तर तो सबंध भाग आधी पुसावा लागतो. पाटी पुसल्याखेरीज तीवर दुसरा धडा गिरवता येत नाही, तसेच हे आहे. आणि पुसणे व लिहिणे यांच्यामध्ये जो क्षण येतो, त्या क्षणी वीज गेली तर पाटी कोरीच राहते.

बायोस नावाचा दरवाजा

‘बायोस’ हा शब्द गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी वापरात आणला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याचा बायोस ८ किलोबाइटचा होता आणि कायमच्या लिखाणाच्या चिपमध्ये भरलेला होता. बाकीचे सुटे भाग कोणालाही विकत घेता येत. पण बायोसच्या मजकुरावर आयबीएमचा लेखनहक्क होता. आयबीएमने तो मजकूर माहितीपुस्तकात छापूनही टाकला होता. तो वाचावा सर्वांनी, पण उतरवून घेऊ नये कोणी, असा तो प्रकार होता.

यावर इतर कंपन्यांनी रास्त मार्ग शोधला. एका गटाने बायोस काय काय काम करतो याची फक्त यादी करायची, आणि मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या यादीवरून स्वतःचा मजकूर लिहायचा. कॉम्पॅक कंपनीने १९८२-८३ मध्ये आणि फिनिक्स कंपनीने १९८४ मध्ये असे बायोस तयार केले. फिनिक्सने तर आपला बायोस कोणाही उत्पादकाला विकण्यास सुरुवात केली. त्यामुळे संगणक अनेकांना बनवता आला, स्वस्त झाला, आणि कालांतराने आपल्या गल्लीतील क्लासपर्यंत पोचला.

२६ एप्रिल १९९९

१९९० च्या दशकात बायोससाठी फ्लॅश चिप वापरू लागले. आता चिप न काढता, संगणकावरूनच नवा बायोस भरता येऊ लागला. सोय मोठी झाली. पण जो दरवाजा मालकाला उघडतो तो चोरालाही उघडू शकतो. १९९८ साली तैवानमधून सीआयएच नावाचा विषाणू पसरला. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने आपले काम केले. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग त्याने नासवलाच, शिवाय जेथे जमले तेथे बायोस चिपवरचा मजकूरही खरवडून टाकला. एका दिवसात असंख्य संगणक बंद पडले.

त्या दिवसाने कारागिरांना एक धडा दिला. हे बोर्ड मेलेले नव्हते. तेव्हा पुष्कळ बोर्डांवर ही चिप सॉकेटमध्ये बसवलेली असे. ती उपसायची, दुसऱ्या यंत्रावर लिहून घ्यायची आणि परत बसवायची. तसल्याच चालू संगणकातील चिप, वीज चालू असतानाच, हळूच काढून त्या जागी कोरी चिप बसवून ती लिहून घेण्याची युक्तीही अनेकांनी वापरली. मेमरी पुसता येते म्हणून संकट आले, आणि पुन्हा लिहिता येते म्हणूनच ते निवारले.

पुढेही असे प्रसंग आले. २०१७ च्या डिसेंबरात उबंटू १७.१० ही प्रणाली टाकल्यावर लेनोवोच्या व इतर काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बायोसचे बदल साठेनासे झाले. एका ड्रायव्हरमुळे बायोस चिपला लिहिण्याची बंदी झाली होती. ती आवृत्ती मागे घेऊन जानेवारी २०१८ मध्ये सुधारून द्यावी लागली. २०१८ च्या सप्टेंबरात ‘लोजॅक्स’ या घातक कार्यक्रमाचा शोध लागला. तो बायोस चिपमध्येच दडून बसत असल्यामुळे विंडोज नव्याने टाकून किंवा डिस्क बदलूनही जात नसे. चिप पुन्हा लिहावी लागे.

आजची दुरुस्ती

आजच्या लॅपटॉपमध्ये सॉकेट क्वचितच आढळते. बहुधा आठ पायांची एक चपटी चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिच्यात ८ किंवा १६ मेगाबाइट मजकूर मावतो. १६ मेगाबाइट म्हणजे आयबीएमच्या त्या पहिल्या बायोसच्या २,०४८ पट. ही चिप वाचण्या-लिहिण्याचे छोटे यंत्र, ज्याला प्रोग्रामर म्हणतात, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आज अगदी स्वस्तात मिळते. साधन स्वस्त झाले म्हणून विद्या स्वस्त झाली असे मात्र नव्हे. जाणता कारागीर पुढील क्रम पाळतो.

सर्वप्रथम तो बायोसवर आळ घेत नाही. बोर्डाला लागणारे सर्व व्होल्टेज मिळतात का, कोठे शॉर्ट आहे का, हे तो मीटरने तपासतो. त्यानंतर चार्जर व बॅटरी काढून चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचतो. काही चिप ३.३ व्होल्टवर चालतात, काही १.८ व्होल्टवर, चुकीचा दाब दिला तर शाबूत चिपही कायमची जाते. काही स्वस्त प्रोग्रामरच्या डेटा तारांवर तर ५ व्होल्ट येतात, हेही त्याने तपासलेले असते. मग तो चिमटा लावून किंवा गरम हवेने चिप उतरवून आधी तिच्यातला जुना मजकूर वाचतो. तो दोनदा वाचतो, दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून पाहतो आणि जुळल्या तरच जपून ठेवतो. त्यानंतरच तो पुसण्याचा विचार करतो.

जुना मजकूर बिघडलेलाच आहे, मग तो जपायचा कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की त्या चिपमध्ये फक्त सर्वसामान्य आज्ञा नसतात. त्या यंत्राचा अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता, पुष्कळदा विंडोजच्या परवान्याची किल्ली हे सारे तेथेच असते. कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या फाइलीत हे नसते. कित्येकदा इंटेलच्या बोर्डाला लागणारे इतर विभागही पूर्ण नसतात. म्हणून कुशल कारागीर जुन्या फाइलीतील बिघडलेला भाग तेवढा काढतो, त्या जागी चांगला भाग बसवतो आणि यंत्राची ओळख जशीच्या तशी ठेवतो. चिपच झिजली असेल, तर त्याच जातीची नवी चिप लिहून, पहिल्या पायाची खूण जुळवून सोल्डर करतो. चिपचे उत्पादक साधारणपणे एक लाख वेळा पुसण्या-लिहिण्याची आणि २० वर्षे मजकूर टिकण्याची ग्वाही देतात. म्हणजे अक्षरालाही आयुष्य असते.

अमानत

उतावळा कारागीर काय करतो? तो दुसऱ्याच लॅपटॉपची फाइल कोठून तरी मिळवतो आणि जुने न वाचताच वर लिहून टाकतो. यंत्र कदाचित सुरूही होते. पण ते आता दुसऱ्याचे नाव घेऊन जगते. त्याचा अनुक्रमांक खोटा, हमी गेली, कधी विंडोजचा परवानाही गेला. आणि फाइल चुकीची निघाली तर परतीची वाटही उरत नाही, कारण जुने अक्षर तर आपण पुसून बसलो.

विद्यार्थी मित्रांनो, गिऱ्हाइकाचे यंत्र ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. अमानतीत खयानत करू नये, हे आपल्या घरात लहानपणापासून सांगितले जाते. या धंद्यात त्याचा अर्थ अगदी रोखठोक आहे. जे आहे ते आधी जपा, मगच बदला. गिऱ्हाइकाची डिस्क उघडून पाहू नका. आणि बायोसचा पासवर्ड काढून द्या म्हणून कोणी लॅपटॉप आणला, तर खरेदीची पावती मागा. पासवर्ड हे मालकाचे कुलूप आहे. ज्या हाताला ते उघडण्याची कला येते त्या हाताने हा लॅपटॉप कोणाचा, हे विचारलेच पाहिजे. चोरीच्या मालाला नवी ओळख देणारा हुन्नर कितीही सफाईदार असला तरी तो हुन्नर नव्हे.

कुलूप कोणाच्या हाती?

या प्रश्नाची दुसरीही बाजू आहे. सीआयएच आणि लोजॅक्ससारख्या प्रकारांमुळे उत्पादकांनी आपली कुलपे पक्की केली. इंटेलने २०१३ पासून ‘बूट गार्ड’ आणले. ते लागू असलेल्या लॅपटॉपमध्ये कंपनीची डिजिटल सही नसलेला बायोस चालत नाही. अ‍ॅपलने २०१७ पासून टी-२ ही सुरक्षा चिप आणून तीच वाट धरली. यामुळे घातक कार्यक्रमांना अटकाव होतो, हे खरेच. पण त्याच कुलपामुळे गल्लीतील प्रामाणिक कारागिराचेही हात काही ठिकाणी बांधले जातात आणि दुरुस्त होऊ शकणारा बोर्ड भंगारात जातो, हेही तितकेच खरे. योगायोग असा की मॉस ट्रान्झिस्टर घडवणाऱ्या अटाला यांनीच १९७० च्या दशकात स्वतःची कंपनी काढून बँकांच्या गुप्त क्रमांकांना संरक्षण देणारी यंत्रे तयार केली. उघडण्याची आणि बंद करण्याची विद्या एकाच माणसाच्या हाती नांदली.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची अवजारे यांच्या उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती लोकांसमोर ठेवावी, हा त्यामागील हेतू आहे. वस्तू विकत घेतलेल्या माणसाला ती दुरुस्त करून घेण्याचाही हक्क असावा, ही मागणी रास्त आहे. पण हक्क मागणाऱ्या हातांत विद्याही हवी आणि सचोटीही हवी.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की, आपला मुलगा किंवा मुलगी हातात सोल्डरिंगची इस्त्री धरत असेल तर त्या कामाला हलके समजू नका. पोर्ट सैदचा, कोरियाचा, जपानचा एकेक तरुण शिकला, परक्या मुलखात किंवा परक्या नोकरीत चिकाटीने राबला, म्हणून आज आपल्या हाताशी पुसता येणारे अक्षर आले. फ्रोमन यांनी तर सदोष मालाकडेच नीट पाहिले, आणि इतरांना जो बिघाड वाटला असता त्यात त्यांना शोध दिसला. बिघडलेल्या वस्तूकडे कुतूहलाने पाहणारे मूल घरात असेल तर त्याला भौतिकशास्त्राचे पुस्तक द्या, इंग्रजी माहितीपत्रके वाचण्यापुरती भाषा शिकवा, एक चांगला मीटर घेऊन द्या आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेले ते यंत्र त्याच्यापुढे उघडून ठेवा. फक्त पहिला नियम आधी पाठ करून घ्या : पुसण्यापूर्वी वाचावे, आणि वाचलेले जपावे.